बांधावरचा आंबा परसात आणावा

वाकड, ताथवडे, पुनावळे, हिंजवडी या बाजूस जमिनीच्या विक्रीचे व विकसनाचे जे करारनामे अलीकडे होतात, त्यांत विहिरीची मोजदाद होते, विजेच्या जोडणीची होते, वहिवाटीच्या रस्त्याची तर फुटाफुटाने होते. बांधावरच्या आंब्याविषयी मात्र 'झाड, नग एक' यापलीकडे कोणी अक्षर लिहीत नाही. पुढे एके दिवशी यंत्र येते, पायासाठी खणती सुरू होते, आणि आजोबांच्या आधीपासून उभा असलेला आंबा दोन तासांत आडवा होऊन लाकडाच्या गाडीत जातो. जमीन विकणे न विकणे हा ज्याच्या त्याच्या प्रपंचाचा प्रश्न आहे, व त्यात आम्ही शिरत नाही. भाऊबंदांचे हिस्से, मुलांची शिक्षणे, डोक्यावरचे कर्ज, या सर्वांचा हिशेब ज्याचा त्यालाच ठाऊक. आमचे म्हणणे त्या आंब्यापुरते आहे. झाड वाचवता येणे कित्येकदा अशक्य असते, परंतु त्या झाडाची जात वाचवणे ही अवघी एका पावसाळ्याची व चार कलमकाड्यांची गोष्ट आहे. ती न केल्यामुळे जे नुकसान होते ते पुढे कोणत्याही किमतीस भरून निघत नाही, ही गोष्ट आमच्या जमीनधारक बंधूंच्या ध्यानात पुरती आलेली दिसत नाही.

ज्यास कोकणात रायवळ म्हणतात व आपल्या घाटमाथ्याकडे गावठी अथवा गावरान म्हणतात, तो आंबा कोयीपासून उगवलेला असतो. आपल्याकडील बहुतेक आंब्यांच्या कोयीत एकच अंकुर असतो, आणि तो फुलातील संकरातून जन्मास आलेला असतो. म्हणून अमृतासारखे फळ देणाऱ्या झाडाची कोय लावली, तर येणारे झाड आईसारखे असेलच असे नाही. बहुधा नसतेच. मलबार किनाऱ्यावर ओलूर, कुरुक्कन अशा काही जाती आहेत, त्यांच्या एका कोयीतून अनेक अंकुर येतात व ते आईच्या गुणाचे निघतात. आपल्या बांधांवरचे आंबे त्या कुळातले नव्हेत. याचा सरळ अर्थ असा की बांधावरचा प्रत्येक गावठी आंबा ही एक स्वतंत्र जात आहे, व जगात त्या जातीचे तेवढे एकच झाड आहे. ज्वारीचे वाण एका शेतातून गेले तर शेजारच्या गावी मिळण्याची आशा असते. हे झाड गेले म्हणजे जात गेली. त्याची कोय जपून ठेवणे म्हणजे एखाद्या माणसाच्या ऐवजी त्याचा चुलत नातू घरी आणून बसवणे होय.

या झाडांस नावे होती. शेपूसारखा वास येतो तो शेप्या, आत खोबऱ्यासारखा घट्ट गर तो खोबऱ्या, साल शेंदरी होते तो शेंदऱ्या, लांबट तो केळ्या, लहान व गोल तो गोटी, आणि नुसता गोड म्हणून साखऱ्या. असली नावे गावोगाव सापडतात, परंतु एका गावचा साखऱ्या दुसऱ्या गावच्या साखऱ्याचा कोणी लागत नाही. नाव एक, झाडे निराळी. कित्येक घराण्यांत जमीन एकाच्या वाट्यास आणि आंबा चौघांच्या, अशी वाटणी असे व उतार पडला की पाट्या मोजून फळ वाटले जाई. आता ही नावे कोणास ठाऊक आहेत असे विचारले तर घरातील सत्तरीपुढच्या बायकांकडे बोट दाखवावे लागते. कोणत्या झाडाची कैरी लोणच्यात वर्षभर करकरीत राहते, कोणत्या झाडाची आषाढातच मऊ पडते, कोणत्या आंब्याचा रस पातळ पण पोळीबरोबर गोड लागतो, कोणता आंबा अढीत एकदम पिकतो आणि कोणता पंधरा दिवस पुरतो, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. ते त्यांच्या हातात आहे. तेव्हा ज्याला हे काम करावयाचे आहे त्याने आधी तलाठ्याकडे न जाता स्वयंपाकघरात जावे, असे आम्ही सुचवतो.

गावठी आंब्याचे एवढे कौतुक कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचा आक्षेप असा की हे आंबे आंबट, धाग्याचे, कोय मोठी व गर थोडा, बाजारात त्यांस दर नाही, आणि हापूस-केसरांच्या पेट्या दारात येत असता यांची मातब्बरी ती काय? या आक्षेपात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. गावठी आंब्यांतील बहुतेक झाडे खरोखरच सामान्य असतात. दहा झाडांतील सात-आठ केवळ सावलीची व सरपणाची, हे ज्याने उन्हाळ्यात बांध पालथे घातले आहेत त्यास सांगावयास नको. परंतु उरलेली दोन कोणती, हे ठरवल्यावाचून दहाही तोडणे हा शहाणपणा नव्हे.

आज ज्या जाती नावारूपास आल्या आहेत, त्यांतील कित्येकांचे मूळ असेच एखादे कोयीचे झाड आहे. उत्तरेकडचा दशहरी घ्या. लखनौजवळ काकोरीनजीक दशहरी नावाच्या खेड्यात त्याचे मूळ झाड उभे आहे, आणि त्या एका झाडापासून झालेल्या कलमांनी मलिहाबादच्या बागा भरल्या आहेत. केसर ही जुनागडकडची जात. गिरनारच्या परिसरात तिची कलमे वाढली, व १९३४ साली नवाबांनी गराच्या रंगावरून तिला हे नाव दिले असे सांगतात. तोच केसर आज मराठवाड्यात इतका रुजला आहे की 'मराठवाडा केसर' म्हणून त्यास भौगोलिक मानांकन मिळाले. कोणीतरी एका झाडाचे फळ चाखले, त्याचा मोह धरला व कलम बांधले, एवढ्यावरून हे सर्व झाले. ते झाड त्याच्या आदल्या वर्षी तुटले असते, तर जगाला चुकल्यासारखेही वाटले नसते. मुळेच्या काठी असा एखादा आंबा उभा नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

शिवाय ज्या हापूसपुढे गावठीची हेटाळणी होते, तो हापूस तरी कोणाच्या पायावर उभा आहे? कलमाचे वरचे अंग हापूसचे, खालचा खुंट गावठीचा. रोपवाटिकांतून लाखोंनी जी कलमे निघतात त्यांच्यासाठी ज्येष्ठ-आषाढात कोयी लागतात त्या रायवळच्याच. हापूसच्या फळात साका पडतो, तो एक वर्ष देतो तर दुसऱ्या वर्षी रुसतो, आणि कोकणची किनारपट्टी सोडून घाटावर आणला की त्याचा तो स्वाद राहत नाही. हे दोष घालवण्यासाठी कृषिशास्त्रज्ञांस दुसऱ्या आंब्यांचेच रक्त आणावे लागते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात काढून १९८१ साली प्रसारित केली, तिच्यात साका नाही. उद्या ऊन आणखी वाढले, मोहोराच्या दिवसांतला पाऊस आणखी बेभरवशाचा झाला, तर ज्या गुणांची गरज लागेल ते कोणत्या झाडात आहेत हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच झाडे हवीत. १९९० साली राज्य सरकारने रोजगार हमीशी जोडून फळबागांची योजना काढली, तिने कोरडवाहू शेतकऱ्याचे मोठे कल्याण केले यात शंका नाही. परंतु लावणीस आली ती मुख्यतः ठराविक नामांकित जातींची कलमे, आणि बांधावरचा आंबा लोकांच्या नजरेतून आणखी उतरला, हीही तिची दुसरी बाजू आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. नव्या बंगल्यांच्या व इमारतींच्या आवारात हल्ली दूरदेशच्या फळझाडांची मोठी हौस दिसते. कोणी सप्ताळू आणतो, ज्यास रोपवाटिकेत पीच म्हणतात, कोणी सफरचंद, कोणी आणखी काही. सप्ताळू हे मोठे सुरेख फळ आहे, आणि त्याच्या जुन्या जाती परसात जपण्याचा शौक थंड मुलखातल्या लोकांनी करावा तो योग्यच आहे. परंतु त्या झाडाला हिवाळ्यात ठराविक तास कडक थंडी मिळाल्याखेरीज त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. कमी थंडीवर भागणाऱ्या शान-ए-पंजाबसारख्या जाती निघाल्या आहेत खऱ्या, पण पंजाबच्या मैदानातला पौष आणि वाकडचा पौष यांत अंतर आहे. आमच्याकडे पहाटे अंगावर काटा येतो आणि दुपारी सदरा काढावासा वाटतो. असल्या हवेत ते झाड जगले तरी पाने दाखवील, फळाची हमी देणार नाही. हौसेस मोल नाही हे मान्य. पण सहाशे मैलांवरच्या रोपासाठी दारात खड्डा खणणाऱ्याने आपल्याच जुन्या शेताच्या बांधावरून एक काडी आणू नये, हे आम्हास चमत्कारिक वाटते. थंड देशांतले लोक आपल्या आजीच्या वेळचे फळ परसात टिकवतात. आपण त्यांचे फळ न घेता ही त्यांची रीत घेतली तर बरे होईल.

आता कामाचे सांगतो. प्रथम निवड. फळाचा हंगाम चालू असतानाच, म्हणजे वैशाख-ज्येष्ठात, झाडावर खूण करून ठेवावी, कारण पाने पाहून जात ओळखणे जुन्या जाणत्यासही कठीण. दरसाल थोडेफार तरी फळ देणारे, ज्याच्या कैरीचा किंवा पिकल्या फळाचा एक तरी गुण उठून दिसणारे, आणि तुडतुड्यांच्या व भुरीच्या वर्षीही काही मोहोर टिकवणारे झाड पसंत करावे. अगदी आंबट आंबाही लोणच्यास उत्तम असेल तर तो सोडू नये. लोणच्याची कैरी विकत घेताना आपण कोणत्या झाडाची घेतो हे कळत नाही, आणि बरणी बिघडली की दोष मिठाला किंवा तेलाला देतो. मृगाच्या सरी पडल्यावरही झाडावर टिकणारे उशिराचे फळ असेल तर त्यास विशेष मान द्यावा. मात्र पावसात फळमाशी लागते, ती कोणत्या झाडास कमी लागते हेही पाहून ठेवावे.

जुन्या झाडाची एक अडचण अशी की त्याच्या शेंड्याच्या डहाळ्या बारीक, निस्तेज व हाताला न येणाऱ्या असतात. अशा डहाळीचे कलम सहसा जीव धरत नाही. याला उपाय आहे, पण त्यास आधी एक वर्ष हाती हवे. फळ उतरल्यावर लगेच एखादी मध्यम फांदी छाटून टाकावी. तिच्यावर जोमदार फुटवे येतात, व पुढल्या पावसाळ्यात त्यांतून काडी मिळते. म्हणून ज्यांची बोलणी चालू आहेत, सही अजून व्हावयाची आहे, त्यांनी छाटणी आजच करावी. सहीनंतर झाडाजवळ जाण्याचा हक्कही कित्येकदा राहत नाही. करारातच 'पुढील पावसाळ्यात कलमकाडी घेण्यास मूळ मालकास मुभा राहील' असे एक वाक्य घालून घ्यावे. त्यास पैसा लागत नाही, व समोरच्या गृहस्थास त्यात आक्षेप घेण्यासारखेही काही नसते.

काडी निवडावी ती तीन-चार महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, जिच्या शेंड्याचा डोळा फुगलेला आहे पण फुटलेला नाही अशी. तोडण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ ठेवून कापून टाकावीत, म्हणजे डोळ्यांत रस उतरतो. मग चार-सहा इंच लांबीची काडी सकाळी कापून ओल्या फडक्यात व वरून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळावी. अशी काडी सावलीत चार-पाच दिवस टिकते, तेव्हा शेतापासून घर दूर असले तरी घाबरण्याचे कारण नाही.

खुंटासाठी गावठी आंब्याच्या कोयी ताज्याच लावल्या पाहिजेत. महिनाभर पडून राहिलेली कोय बहुधा उगवत नाही. कोयकलमाची रीत अशी की उगवून दहा-पंधरा दिवस झालेले, पाने अजून तांबूस असलेले रोप कोयीसह काढावे, कोयीपासून तीन इंचांवर त्याचा शेंडा उडवावा, खोडाला दीड-दोन इंच उभी चीर द्यावी, काडीचे टोक दोन्ही अंगांनी पाचरीसारखे तासून त्या चिरेत बसवावे, आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी. साल सालीला मिळाली पाहिजे. दोहोंची जाडी सारखी नसेल तर निदान एका अंगाला मिळवावी. कोकणच्या दमट हवेत हे कलम चांगले साधते. आपल्या बाजूस हवा त्या मानाने कोरडी, म्हणून जागच्या जागी करावयाचे मृदकाष्ठ कलम आम्ही अधिक पसंत करतो. ज्या ठिकाणी झाड हवे तेथेच दोन-तीन कोयी पेराव्यात, एक जोमदार रोप राखावे, आणि पुढल्या आषाढ-श्रावणात त्याला नवी तांबूस कोवळी फूट आली की त्या कोवळ्या खोडावरच पाचर बसवावी. यात मुळे हलवावी लागत नाहीत, सोटमूळ सरळ खाली जाते, आणि झाड पुढे उन्हाळ्यास भीत नाही. सांध्याखालून जी फूट येईल ती नखाने खुडत राहावे. या एका गोष्टीच्या आळसापायी किती तरी कलमे शेवटी खुंटाचीच झाडे होऊन बसतात, आणि मालक 'कलम फसवे निघाले' म्हणून माळ्याला बोल लावतो.

कलमकाडी वयस्क झाडाची असल्याने कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर येतो. तो पाहून हरखून जाऊ नये. तीन वर्षे मोहोर खुडून टाकावा. पुढे चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ धरावे.

परसाची गोष्ट निराळी आहे, व तिच्यात वाकडसारख्या गावी एक विशेष अडचण आहे. इमारतीच्या आवारात जी माती म्हणून दिसते ती माती नसते. वरचा सुपीक थर खणतीच्या वेळी गाडीत भरून गेलेला असतो. खाली उरतो मुरूम, विटांचे तुकडे, चुन्याचे व सिमेंटचे गाळसाळ. अशा जागी वीतभर खड्डा करून रोप खोचले तर पाने पिवळी पडून ते झुरत राहते. यास्तव तीन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, राडारोडा वेचून बाहेर टाकावा, आणि पोयट्याची माती व कुजलेले शेणखत यांनी तो भरावा. पाणी साचत असेल तर जागा बदलावी. ज्यांच्या शेतात अजून खणती व्हावयाची आहे त्यांनी वरची दोन ट्रॉली माती स्वतःसाठी काढून ठेवली तर त्यांस पुढे आमचे आभार मानावेसे वाटतील. मुळेकाठची ती काळी माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेणखताने झालेली आहे. ती भरावात घालवणे हा आंबा तोडण्याइतकाच दुःखाचा प्रकार आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

'आंबा म्हणजे प्रचंड झाड, ते दहा-बारा पावलांच्या आवारात कसे मावणार?' हा प्रश्न रास्त आहे. परंतु आंबा प्रचंड होतो तो त्यास होऊ दिल्यामुळे. घन लागवडीच्या बागांत पाच मीटरांवर झाडे लावून ती छाटणीने आवरती ठेवतात. तीच युक्ती परसात करावी. रोप अडीच फूट झाले की शेंडा मारावा, चार बाजूंस चार फांद्या राखाव्यात, आणि दरवर्षी फळ उतरल्याबरोबर आठ-पंधरा दिवसांत छाटणी उरकावी. उशीर करू नये, कारण नवी फूट जून झाल्याखेरीज तिच्यावर मोहोर येत नाही. अशा रीतीने झाड दहा-बारा फुटांत राहते, आणि म्हाताऱ्या माणसालाही झेल्यावाचून हाताने फळ तोडता येते. भिंतीपासून मात्र आठ-दहा फूट अंतर असू द्यावे.

पाण्याविषयी एक चूक सर्रास होते. आवारात हिरवळ असते, तिच्यावर रोज फवारा चालतो, आणि आंबा त्या हिरवळीच्या मधोमध. असा आंबा नुसती पालवी देतो. पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला पाणी हवेच. पण झाड वाढीला लागल्यावर पाऊस संपल्यापासून फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत त्याचे पाणी तोडले पाहिजे. ताण बसल्याखेरीज मोहोर नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. त्याच्या इमारतीत राहणाऱ्या माळ्याला सांगावे लागते.

ज्यांना एकच झाड लावण्यापुरती जागा आहे, त्यांनी त्या एका झाडावर चार फांद्यांना चार निरनिराळ्या आंब्यांच्या काड्या बांधाव्यात. हे कोणास जादूटोण्यासारखे वाटेल, परंतु मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेच्या वर जाती बांधून दाखवल्या, व २००८ साली त्यांस पद्मश्री मिळाली. आपणास तीनशे नकोत. आजोबांचा शेप्या, चुलत्याच्या बांधावरचा खोबऱ्या, आजोळचा साखऱ्या आणि एक लोणच्याचा, एवढे एका झाडावर आले तर वाटणीत फुटलेले घर निदान झाडावर एकत्र नांदेल. मात्र चारही फांद्यांना पत्र्याच्या चकत्यांवर नाव कोरून बांधावे, आणि जोरकस फांदीने बाकीच्यांना दाबू नये म्हणून तिला थोडी अधिक छाटावी.

कायद्याचा आधार आहे, पण तो झाडाला आहे, जातीला नाही. १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे नागरी हद्दीत वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, व पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असलेल्या वाकडास तो लागू आहे. २०२१ साली त्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षांवरील झाडास 'हेरिटेज' वृक्ष म्हणून स्थान मिळाले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याची अट आली. हेतू स्तुत्य आहे. परंतु साठ वर्षांच्या एका शेंदऱ्या आंब्याबदल्यात कोठेतरी साठ रोपे लागली, तीही बहुधा कोणत्या तरी शोभेच्या झाडाची, म्हणजे कागदावरचा हिशेब मिटतो आणि शेंदऱ्या गेलेलाच राहतो. आमची प्राधिकरणास अशी सूचना आहे की गावठी आंबा तोडण्यास परवानगी द्यावयाची झाल्यास त्याची निदान पाच कलमे तयार झाल्याची खात्री आधी करून घ्यावी व भरपाईच्या रोपांत त्यांची गणना करावी. मोठा आंबा मुळासकट उपटून दुसरीकडे लावण्याचा जो उपाय सांगितला जातो, त्यावर आमचा फारसा विश्वास नाही. तुटलेल्या सोटमुळावर उभा केलेला जुना वृक्ष कित्येकदा एक पालवी दाखवून वाळून जातो.

राज्यकर्त्यांना या झाडांची किंमत पूर्वी कळत नव्हती असे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जो मजकूर आहे त्यात आंबे-फणसांस हात लावू न देण्याची ताकीद आहे, आणि तिचे कारणही दिले आहे: रयतेने ही झाडे पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात, ती गेली की तिच्या दुःखास पार राहत नाही. जीर्ण होऊन कामातून गेलेले झाड हवेच असेल तर तेही धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. तीनशे वर्षांपूर्वी आंबा रयतेचा होता आणि कुऱ्हाड सरकारची. आज आंबाही आपला व सहीही आपली, एवढाच फरक.

आपल्यापासून चार-पाच कोसांवर गणेशखिंडीची बाग आहे. १८७३ साली ती सुरू झाली, आणि आंब्याच्या जाती गोळा करण्याचे व अभ्यासण्याचे मोठे काम तेथे झाले. बर्न्स व प्रयाग या दोघांचे आंब्यावरील पुस्तक मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याने १९२१ साली काढले, तेही या कामाचेच फळ. २०२० साली राज्य सरकारने या बागेस जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. तेथील फळसंशोधन केंद्र राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि जातिवंत कलमे कशी करावीत हे ज्यांस प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी तेथे एकदा जावे. परंतु प्रत्येक बांधावरचा आंबा सरकारी बागेने जपावा ही अपेक्षा गैर आहे. बागेस भिंत असते व भिंतीस मर्यादा. हे काम शेकडो परसांचेच आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी स्वतःच्या नावे करता येते, हेही लक्षात असू द्यावे. एखादा आंबा खरोखर असामान्य निघाला तर तो दुसऱ्याने उचलून आपल्या नावाने विकण्यापूर्वी नोंदवावा.

प्रत्येक जातीची निदान तीन कलमे करावीत, आणि तिन्ही एकाच आवारात लावू नयेत. एक आपल्या परसात, एक मुळशी-मावळाकडच्या सोयऱ्याच्या शेतात, एक गावच्या देवळाच्या किंवा शाळेच्या आवारात. चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडास येते, त्या दिवशी नोकरीधंद्यानिमित्त पांगलेली घराणी गावात एकत्र असतात. झाडांवर कैरी असते, म्हातारी माणसे ओसरीवर असतात. कोणत्या बांधावर कोणता आंबा, त्याचे नाव काय, हक्क कोणाचे, हे विचारून वहीत उतरवून घेण्यास त्याहून बरा दिवस वर्षात नाही. त्या वहीत झाडाचा गट नंबर, नाव, फळ येण्याचा महिना, कैरीचा उपयोग व सांगणाऱ्याचे नाव, एवढ्या पाच गोष्टी आल्या तरी पुरे.

आमच्या मंडळाने या कामी दोन गोष्टी कराव्यात असे आम्ही सुचवतो. जून महिन्यात गावठी कोयी गोळा करून दोन-अडीचशे पिशव्यांत खुंट तयार ठेवावेत, आणि जुलै-ऑगस्टात ज्यास कलमे बांधता येतात अशा माळ्याची दर रविवारी सोय करावी, म्हणजे सभासदाने फक्त काडी घेऊन यावे. पहिल्या वर्षी निम्मी कलमे मरतील हे धरूनच चालावे. एका झाडाच्या दोन काड्या न आणता आठ आणाव्यात, आणि प्रत्येक जुडीला झाडाचे नाव लिहिलेली चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून बांधावी. शाई पावसात राहत नाही.